पायरी देवळाची नव्हती

माझं गाणं संपलं आणि बाईंनी माईक पुसला.

हैदराबादेत नारायणगुड्याला एका मराठी मंडळाचा हॉल आहे. गणपतीचे दिवस होते. लहान मुलांची गाण्याची स्पर्धा. मी अकरा वर्षांची. माझ्याआधी सहा मुलं गाऊन गेली होती. एक तर चक्क माईकवर शिंकला. तेव्हा कुणी उठलं नाही. मी गाऊन खाली उतरले आणि स्टेजच्या कडेला परीक्षक म्हणून बसलेल्या गाण्याच्या बाई उठल्या. पर्समधून रुमाल काढला. माईकची जाळी पुसली. सावकाश. दोनदा. मग तो रुमाल पर्समध्ये परत ठेवला नाही. खुर्चीखाली टाकला. आणि पुढच्या मुलीला म्हणाल्या, "ये गं, बाळ."

हॉल भरलेला होता. सगळ्यांनी पाहिलं. कुणाला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

स्पर्धा संपल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. अगदी जवळ नाही, दोन हातांवर. म्हणाल्या, "आवाज मोठा आहे तुझा. पण आधी 'ण' म्हणायला शिक. पाणी. पानी नाही. मग गाणं."

आजूबाजूचे हसले. वाईट हसले नाहीत. लहान मूल पडल्यावर हसतात तसे हसले. दाराशी माझी आई उभी होती. कामावरून तशीच आली होती, हातात चपला धरून, कारण चपला कुठे काढायच्या ते तिला कळलं नव्हतं. ती पण हसली. त्यांच्यासोबत. रुमालाचं मला तेव्हा नीट कळलं नाही. आईचं हसणं मात्र तिथंच लागलं. अजून आहे.

आम्ही मांग. आजा उदगीरकडून हैदराबादला आला तो इथलाच झाला. बाप लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. मी नऊ वर्षांची असताना छातीच्या आजाराने गेला. आई कोठी नावाच्या भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात साफसफाईला होती. तीन मजली दवाखाना. लिफ्ट फक्त पेशंटसाठी. ती वरपासून खालपर्यंत पायऱ्या पुसायची, दिवसातून तीनदा.

आमच्या घरातली मराठी म्हणजे खिचडी. 'हौ' आणि 'नक्को' हे आमचे मराठी शब्दच होते. शेजारी तेलुगू, समोर दखनी बोलणारे, आणि मधे आमची 'न्हाई' आणि 'पानी'. मला ती एकच भाषा वाटायची. त्या हॉलमध्ये कळलं की ती भाषा नसून डाग आहे.

आई दुसऱ्या आठवड्यात बाईंच्या घरी गेली. पोरीला शिकवा म्हणून हात जोडले. बाई हो म्हणाल्या. हे त्यांचं मोठेपण म्हणून मंडळात बरीच वर्षं सांगितलं गेलं. मी सहा वर्षं रविवारी त्यांच्याकडे गेले. बाकीच्या मुली पुढे सतरंजीवर बसायच्या. माझी जागा दाराजवळ, चपलांच्या शेजारी. कुणी तिथं बस असं म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मी तिथं बसले आणि कुणी उठ म्हणालं नाही, एवढंच.

पुढच्या मुली यमन शिकायच्या. मला बाई गौळण शिकवायच्या, भलरी शिकवायच्या. पंधराव्या वर्षी मी धीर करून विचारलं, मला पण यमन शिकवाल का. बाई रागावल्या नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तुमच्यात आवाज उघडा असतो. रांगडा. ते तुला झेपायचं नाही. आहे ते जप."

तुमच्यात.

मी यमन चपलांजवळ बसून शिकले. चोरून म्हणणार नाही, कारण तो हवेत होता आणि हवेवर अजून कुणाचं नाव नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून घोकायचे. आणि 'ण' घोकायचे. पाणी, लोणी, कोण, कुणी, आणि. जीभ दुखेपर्यंत. वर्षभरात 'ण' आला. मग मी काय केलं तेही सांगते, कारण फक्त दुसऱ्यांचं सांगितलं तर ते खोटं होईल. एकदा शेजारीण घरी आली होती. आई म्हणाली, "पोरी, पानी दे." मी शेजारणीसमोर म्हणाले, "पाणी, आई. पानी काय पानी." आईने उठून स्वतःच पाणी दिलं. बाईंनी मला जे केलं ते मी घरी आणून आईला केलं होतं. फुकट.

बारावीनंतर मी कोठीतच एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरला लागले. पावत्या फाडायच्या, रिपोर्ट द्यायचे. आईचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी डबा घेऊन मी तिच्याकडे जायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे एक वळण होतं. तिथं आम्ही जेवायचो. पेशंट शेजारून वर जायचे, खाली यायचे. कुणी आमच्याकडे पाहायचं नाही.

तिथंच मी आईचं गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं. ती लहानपणापासून काही ना काही गुणगुणायची, मी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी तिने पायरी पुसून घेतली, आणि ओल्या पायरीवरून बूट घातलेला एक माणूस खाली उतरून गेला. प्रत्येक पायरीवर त्याचा ठसा. आईने शिवी दिली नाही. परत फडकं बुडवलं, पिळलं, आणि गायली.

*पुसली पायरी, वाळली न्हाई गं*
*कोन उतरलं, वळलं न्हाई गं*
*पुसून पुसून सरला जलम*
*मला कुनी काही पुसलं न्हाई गं*

आमच्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. मी डबा तसाच ठेवला. विचारलं, हे कुणाचं गाणं. ती म्हणाली, "कुनाचं म्हंजे? माझंच. इथंच केलंय, हळूहळू." अशी पाच कडवी होती. मी तिला परत गायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये बादलीचा आवाज आहे. मधेच वरून कंपाउंडर ओरडतो, "टोकन बाईस". आई त्याच्यासाठी थांबते आणि मग पुढचं कडवं घेते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गायचे, पण कुठे? लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तीन-चार गाणी, मागे उभं राहून. सुट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आवाज छान घुमतो म्हणून तिथं उभी राहून एक गौळण म्हटली आणि फोनवरून इंटरनेटवर टाकली. ती केदारने पाहिली.

केदार पुण्याचा. आयटीत मोठ्या हुद्द्यावर. कुकटपल्लीला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, त्यातली एक खोली गाण्याची, भिंतींना फोम लावलेला. त्याचा बँड होता, पाच जणांचा. लोकसंगीत आणि गिटार असं काहीतरी. मी त्याला सर म्हटलं तर म्हणाला, "सर नको. केदार म्हण. इथं सगळे सारखे." आणि खरंच, चहाचे कप एकच होते. हे मी मुद्दाम सांगते. मी कुठं बसायचं ते मला चपला बघून ठरवावं लागलं नाही. तो माझ्याशी जातीबद्दल बोलायचा, पुस्तकं द्यायचा, आमच्या लोकांनी तुमच्यावर किती अन्याय केला ते सांगताना त्याचे डोळे भरायचे. मी घरी येऊन आईला सांगायचे, अशीपण माणसं आहेत.

मी त्याला आईचं गाणं म्हणून दाखवलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. परत म्हण म्हणाला. परत म्हटलं. आठ रविवार आम्ही त्या गाण्यावर बसलो.

पहिला बदल तो पायरीत झाला. 'पुसली पायरी'चं 'राऊळ-पायरी' झालं. मी म्हणाले, ही दवाखान्याची पायरी आहे. तो हसला. म्हणाला, "मला कळतं गं. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे दातांचा दवाखाना आला तर सगळंच गेलं ना." म्हणजे ज्या पायरीवर आमच्या आज्याला पाय ठेवता येत नव्हता, ती पायरी माझी आई भक्तीने पुसतेय असं झालं. आणि 'मला कुणी पुसलं नाही' ही देवाकडची तक्रार झाली. गोड तक्रार. लाडिक.

व्हिडिओ एका जुन्या दगडी देवळात झाला. पायऱ्या पुसायला एक मॉडेल आणली. नऊवारी, नथ, कपाळावर आडवं कुंकू. आवाज माझा, ओठ तिचे. केदार म्हणाला, कॅमेऱ्याला वेगळा चेहरा लागतो. मी हं म्हणाले.

का म्हणाले, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. हेडफोनमधून माझा आवाज पहिल्यांदा मला तसा ऐकू येत होता, स्वच्छ, मोठा, मागे तंतुवाद्यं. मला तो हवा होता. त्यासाठी मी पायरी दिली. त्यासाठी चेहरा दिला.

शेवटी नावाचं आलं. गाण्याखाली काय लिहायचं. संगीत केदार, संयोजन केदार. गायिका मी, ते बारीक अक्षरात. मी म्हणाले, गीत म्हणून आईचं नाव घाला. तो म्हणाला, हो हो, नक्कीच, पूर्ण नाव काय त्यांचं?

मी सांगितलं, "केराबाई."

आजीची आधीची दोन बाळं गेली होती. मग ही झाली तेव्हा तिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवली, केरात टाकली म्हणाले, आणि परत उचलून घेतली. मरणाला वाटावं की टाकलेली वस्तू आहे, नेण्यासारखी नाही. म्हणून केरा. ती जगली. त्या नावामुळे जगली असं आजी म्हणायची.

कीबोर्डवाला खाली बघत राहिला. केदारने लॅपटॉपवर टाइप केलं, मग पुसलं. म्हणाला, "हे ना, पोस्टरवर जरा वेगळं वाटेल. आपण पारंपरिक लिहू. त्यात मान जास्त आहे. तसंही अशा गाण्यांना कवी नसतो. ती मातीतून येतात."

मी परत हं म्हणाले.

बाईंनी माईक पुसला होता. यानं माझ्या आईला पुसलं, आणि ते करताना माझ्या खांद्यावर हात होता त्याचा.

गाण्याच्या प्रकाशनाचा कार्यक्रम एका मोठ्या सभागृहात ठेवला होता, रविवारी सकाळी अकराला. मंडळाचे लोक आले होते. गाण्याच्या बाई पहिल्या रांगेत, शाल पांघरून. आईसाठी मी तिसऱ्या रांगेत जागा धरली होती. तिने जांभळी साडी नेसली होती, नवी, त्याच दिवशी घडी मोडलेली. मी तिला बसवून आत गेले.

आम्ही विंगेत उभे होतो. विंगेच्या बाजूचं दार बाहेरच्या व्हरांड्यात उघडतं. तिथं चहा चालू होता. मी सहज बाहेर पाहिलं. आई व्हरांड्यात होती. नंतर कळलं की तिसरी रांग पाहुण्यांसाठी आहे म्हणून तिला उठवलं होतं. ती कुठं जावं म्हणून भिंतीला लागून उभी होती. कुणाच्या तरी हातून चहाचा कप पडला. बिल्ला लावलेल्या एका मुलीने इकडे तिकडे पाहिलं. एवढ्या माणसांत तिला माझी आईच दिसली. ती म्हणाली, "मावशी, तेवढं पुसून घ्या ना."

तिचा काही दोष नाही, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. तिला माहीत नव्हतं. हौ. माहीत नव्हतं. जांभळी नवी साडी नेसलेली बाई पाहून तिला फडकंच का आठवलं, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि तरी येत होतं.

आणि माझी आई खाली बसली. कुणीतरी कापड दिलं. तिने साडीचा काठ गुडघ्याखाली दाबला आणि चहा पुसला. कोपऱ्यापर्यंत नीट. कपाचे तुकडे वेचले. उठली, आणि कापड कुणाला द्यावं म्हणून हातात धरून उभी राहिली.

स्टेजवर केदार बोलायला लागला होता. आवाज छान आहे त्याचा. तो सांगत होता, हे गाणं कुणी रचलं कुणालाच ठाऊक नाही, शेकडो वर्षं आपल्या मातीत ते वाहत आलंय, कुण्या अनाम भक्त स्त्रीने देवाच्या दारात म्हटलं असेल. मग माझं नाव घेतलं. मी माईकपाशी गेले.

मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं ते असं आलं.

"हे गाणं माझ्या आईनं केलंय. तिचं नाव केराबाई. ती कोठीत दातांच्या दवाखान्याच्या पायऱ्या पुसते. पायरी देवळाची नाही. आत्ता बाहेर चहा सांडला होता, तो पण तिनंच पुसलाय."

नावावर दोन-तीन जण हसले. मागून कुणी टाळी वाजवली, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. केदार हसतमुख होता. त्याने कीबोर्डकडे बोट केलं. सुरुवातीचे सूर वाजले. माझी जागा आली. मी गायले नाही. त्यांना वाटलं चुकलं. परत सुरुवात वाजवली. परत जागा आली. मी तोंड मिटून उभी. तिसऱ्यांदा कीबोर्डवाल्यानेच हात उचलून मांडीवर ठेवला. मी माईक स्टँडला लावला आणि समोरून खाली उतरले, विंगेतून नाही. बाईंच्या खुर्चीसमोरून, शालीला लागून. शेवटच्या रांगेत आई येऊन बसली होती.

चल म्हणाले. ती उठेना.

"गा की," ती म्हणाली. "लोकं बसलेत."

पुस्तकात असतं तर तिने मला जवळ घेतलं असतं. घरी आल्यावर ती म्हणाली, तू माझं नाव भर सभेत घेतलंस, लोक हसले, तुला काय मिळालं. मी तिला सांगायला गेले की ते गाणं तुझं आहे. ती म्हणाली, माझं व्हतं तवर कुनाला ठाऊक नव्हतं, बरं व्हतं.

दवाखान्याचे डॉक्टर मंडळाच्या कमिटीवर होते. महिनाभरात आईला सांगितलं की आता कंपनीची माणसं येणार साफसफाईला, तुझी गरज नाही. सतरा वर्षं पुसल्या होत्या तिने त्या पायऱ्या. संध्याकाळी घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "गानं गेलं तर गेलं. पायऱ्या बी गेल्या."

मी मात्र थांबायचं नाही असं ठरवलं. कुणाच्या बँडमध्ये जायचं नाही, कुणाकडे शिकायला जायचं नाही, कुणाच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड करायचं नाही. आमच्या एका खोलीच्या घरात भिंतींना गोधड्या टांगल्या. एक साधा माईक घेतला. आवाज कसा बसवायचा, कसा कापायचा, ते फोनवर बघून बघून शिकले. लॅबमधून आल्यावर संध्याकाळी दोन तास, पंखा बंद करून, घामाघूम होऊन. आईचं गाणं मी आईच्या शब्दांत म्हटलं. न्हाई, कोन, जलम. एक पण 'ण' घातला नाही. बापाच्या ताशाचा ठेका हाताने लोखंडी पेटीवर धरला. खाली लिहिलं, गीत आणि चाल केराबाई. आणि इंटरनेटवर चढवलं.

तिसऱ्या दिवशी ते काढून टाकलं गेलं. कारण दिलं होतं, या गाण्याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत.

त्याच्याकडे.

मी तो निरोप लॅबच्या काउंटरवर उभी राहून वाचला. समोर रांग होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही ना? शेकडो वर्षं मातीत वाहत आलेलं. मग माझ्या आईचं नसेल तर नसेल, पण त्याचं कसं? आमचं म्हटलं की ते मातीचं होतं. आणि माती त्याच्या नावावर असते.

सात महिने लागले. एका वकील बाईंनी कागद करून दिले. पुरावा काय, तर ते फोनवरचं रेकॉर्डिंग. बादली, आणि 'टोकन बाईस'. केदारकडे गाणं जायच्या आधीची तारीख त्यावर होती. माझं गाणं परत लागलं. पण त्याच्या गाण्याखालचं 'पारंपरिक' काही निघालं नाही. त्याच्या वकिलाने लिहिलं, लोकगीताची अनेक रूपं असू शकतात, केराबाई यांनी ते कुठून तरी ऐकलं असावं. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही.

मग माझं गाणं लोकांनी ऐकलं. अंबरपेठच्या वस्तीत ऐकलं, जयंतीच्या स्टेजवर ऐकलं, कॉलेजात, कारखान्याच्या कँटीनमध्ये. तेलुगू बायकांनी अर्थ विचारून घेतला आणि रडल्या. दुसरं गाणं केलं, तिसरं केलं, ती माझी स्वतःची. दोन वर्षांपूर्वी लॅब सोडली. आता पुण्याला जाते, नांदेडला जाते, बेंगळुरूला जाते, माझ्या नावाच्या पोस्टरवर. माझ्यामागे तिघं वाजवतात आणि तिघांची नावं माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असतात. लोक मला यशस्वी म्हणतात. मुलाखतीला बोलावतात. प्रवास कसा झाला विचारतात.

मी त्यांना रुमालाची गोष्ट सांगितली की त्यांचे चेहरे पडतात. त्यांना ती आवडते. बाई आता म्हाताऱ्या आहेत, ती गोष्ट जुनी आहे, ती छापायला कुणाला भीती वाटत नाही. केदारचं सांगायला लागले की म्हणतात, ते राहू दे, नकारात्मक होतं. अपमान जुना असला तर तो त्यांना चालतो. ज्याच्यासोबत ते परवा जेवले त्याने केलेला नको असतो.

आई आता मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटते. तिला घरी बसवण्याइतकं मी कमावते, पण ती बसत नाही. माझं नाव पोस्टरवर पाहून तिला बरं वाटतं, हे तिने शेजारणीला सांगितलं, मला नाही. पण ती गात नाही. कामावर नाही, घरी नाही. एकदा मी सहज विचारलं तर माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "ते बंद हाय का आधी सांग." फोन बंद होता. तरी ती गायली नाही. एवढी मोठी चोरी झाली, आणि भीती जिची वस्तू गेली तिच्याच घरात राहिली.

मी प्रत्येक कार्यक्रमात ते गाणं म्हणते. म्हणण्याआधी सांगते, हे गाणं पारंपरिक नाही, हे केराबाईचं आहे, ती जिवंत आहे, आणि अमक्या माणसाने ते पारंपरिक म्हणून आपल्या नावावर चालवलंय. त्याचं नाव घेते. पूर्ण नाव, पोस्टरवर असतं तसं. दोन मिनिटं लागतात.

त्या दोन मिनिटांपायी माझे कार्यक्रम गेले आहेत. मागच्या महिन्यात हैदराबादेतल्याच एका मोठ्या महोत्सवाचा फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती, माझी सगळी गाणी तिला पाठ होती. सगळं ठरलं. मग तिने जरा अडखळत विचारलं की तेवढं निवेदन टाळता येईल का. दुसऱ्या दिवशी केदार सरांचाही कार्यक्रम आहे. वातावरण चांगलं राहावं. गाणं तर तुम्ही म्हणणारच आहात, ताई, गाणंच बोलतं ना शेवटी.

मी म्हणाले, "नाही. गाणं बोललं असतं तर तुम्हाला माझी आई माहीत असती."

ती म्हणाली, कमिटीला विचारून सांगते. सांगितलं नाही. महोत्सव झाला. पोस्टर मी पाहिलं.

माझे वाजवणारे मला म्हणतात, अक्का, एवढा एक महोत्सव केला असता. त्यांचंही पोट आहे, मला कळतं. मी त्यांना सांगितलं, ज्याला जायचं त्याने दुसऱ्यासोबत वाजवावं, माझा राग नाही. तिघंही अजून आहेत. उद्या नसतील तर मी घरातली लोखंडी पेटी वाजवत एकटी म्हणेन.

मला कुणाची माफी नको आहे. माफी मागितली की तिचा पण कार्यक्रम करतील, फुलं लावून. मला सत्कार नको. मला त्याच्या गाण्याखालचा तो एक शब्द खोडून हवा आहे, आणि तिथं माझ्या आईचं नाव हवं आहे, जसं आहे तसं, केरासकट. ते होईपर्यंत मी ज्या ज्या स्टेजवर चढेन तिथं आधी ती दोन मिनिटं घेणार. मंडळात, कॉलेजात, त्याच्या कंपनीच्या हॉलमध्ये बोलावलं तर तिथंही. लोक कडवट म्हणतात. म्हणू देत. कुणाला ऐकवत नसेल तर त्याने उठून जावं, मी थांबेन. खुर्च्यांचा आवाज बंद झाला की आधी नाव घेईन.

मग गाईन.